हिरवळीवर पाय ठेवू नये



व्याख्यानाचा विषय छापून आल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "केंब्रिज पाहून आलात हे ठीक, पण त्यावर व्याख्यान कसलं देता?" प्रश्न रास्त आहे. प्रवासवर्णन ऐकवायचा माझा इरादा नाही. पु. ल. देशपांड्यांनी १९६० साली 'अपूर्वाई' लिहून ठेवल्यावर इंग्लंडवरून कुणाला हसवायला जाण्यात शहाणपण नाही. मला एका अडचणीवर बोलायचं आहे. किल्ला पाहता येतो, धबधबा पाहता येतो, देवीचं दर्शन घेता येतं. विद्यापीठाचं गाव मात्र पाहायचं म्हणजे काय पाहायचं? तिथं जे घडतं ते कुणाच्या तरी डोक्यात, नाहीतर बंद दाराआड घडतं. प्रवाशाच्या वाट्याला येतात भिंती आणि फोटो. या अडचणीचा विचार करता करता मी परत आलो तो थेट धाराशिवजवळच्या तेर गावी. त्यामुळं आजच्या व्याख्यानाचा निम्मा भाग केंब्रिजचा आणि निम्मा आपल्या तेरणाकाठचा आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना हे चाललं असतं. पोरांना सहलीला नेताना ते आधी गावातलंच देऊळ दाखवत.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनावरून गाडी तासाभरात केंब्रिजला सोडते. स्टेशन १८४५ सालचं, आणि गावापासून चांगलं लांब. पोरं उठून लंडनला पळतील या भीतीनं विद्यापीठानं ते जवळ येऊ दिलं नाही, असं सांगतात. उतरल्यावर बहुतेक पाहुणे एकच प्रश्न विचारतात : विद्यापीठ कुठं आहे? उत्तर असं की ते एका जागी नाही. एकतीस कॉलेजं आहेत, ती गावभर पसरली आहेत, आणि त्यांच्या मधून बाजार, चर्च, सायकलींची दुकानं आणि नदी जाते. विद्यापीठाची सुरुवात १२०९ सालची. ऑक्सफर्डमध्ये गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात बेबनाव झाला, एका बाईच्या खुनावरून गावकऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना फाशी दिलं, आणि उरलेल्यांतले काही जीव घेऊन इकडं आले. संस्था फुटून दुसरी संस्था निघते, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

कॉलेजची बांधणी आपल्याला ओळखीची वाटते. जुन्या चिरेबंदी वाड्यासारखी. रस्त्याकडं तोंड करून उंच दरवाजा, दरवाजात देवडी, आत चौक, चौकाच्या चारी बाजूंनी खोल्या, एका अंगाला देवघर, एका अंगाला जेवणघर, मागच्या दारानं नदीकडं. देवडीवर जो माणूस बसतो त्याला पोर्टर म्हणतात. तो सामान उचलत नाही. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणारा तो मानकरी. मे महिन्याच्या सुमारास परीक्षा आल्या की बरीच कॉलेजं प्रवाशांना दार लावून घेतात. आपण सातासमुद्रापलीकडून तिकीट काढून आलेले आणि पाटी सांगते, आत अभ्यास चालू आहे, आज बंद. पहिल्यांदा राग येतो. मग लक्षात येतं की त्या गावात पाहण्यासारखं जे आहे, ते ती पाटीच सांगते आहे.

चौकाच्या मधली हिरवळ हा स्वतंत्र विषय आहे. गालिच्यासारखी कातरलेली, आणि कडेला सूचना : हिरवळीवर पाय ठेवू नये. विद्यार्थ्यांनीही नाही. पाय ठेवण्याचा हक्क कॉलेजच्या फेलोंना, म्हणजे तिथल्या अध्यापक मंडळींना. मी शेतकऱ्याचा मुलगा. एवढी जमीन, एवढं पाणी, आणि त्यात ना कडबा ना धान्य, हे बघून मला ते वैभव पटकन पचलं नाही. पण किंग्ज कॉलेजनं अलीकडं एक गंमत केली. चॅपलच्या मागं नदीपर्यंत पसरलेली अठराव्या शतकापासूनची त्यांची प्रसिद्ध हिरवळ. २०२० च्या सुमारास तिच्यातला एक तुकडा मोडून त्यांनी तिथं रानफुलांचं कुरण केलं, आणि वाळलेलं गवत कापायला मोठे घोडे आणले. कीटक आणि पाखरं किती वाढली याच्या नोंदी ठेवून त्यावर शोधनिबंध लिहिला. हिरवळसुद्धा अभ्यासाला लावली. शिवाय गावाच्या ऐन मध्यात मिडसमर कॉमन नावाचं गायरान आहे. तिथं उन्हाळ्यात खरोखरीच्या गाई चरतात, आणि डोक्यावर हेल्मेट घातलेले प्राध्यापक त्यांना वळसा घालून सायकलनं तासाला जातात. गायरान कुणी प्लॉट पाडून विकलेलं नाही, एवढं सांगून पुढं जातो.

किंग्ज कॉलेजचं चॅपल हे त्या गावाचं शिखर. सहाव्या हेन्री राजानं १४४१ मध्ये कॉलेज काढलं आणि १४४६ मध्ये चॅपलचा पाया घातला. मग गादीवरून युद्ध पेटलं, राजा पदच्युत झाला, मारला गेला, पैसे संपले, काम थांबलं, पुन्हा चालू झालं. दगडी काम पुरं व्हायला १५१५ साल उजाडलं. काम कुठं थांबलं आणि नव्या पैशानं कुठून उठलं, हे भिंतीवरच्या दगडाच्या बदललेल्या रंगावरून आजही दिसतं. छताची दगडी पंख्यांची नक्षी जॉन वॉस्टेल या गवंड्याची. त्या प्रकारचं जगातलं हे सर्वांत मोठं छत. खाली मान वर करून उभं राहिलं की खांबांतून फांद्या फुटून वर एकमेकींत गुंतल्यासारखं वाटतं. माझ्या शेजारी उभी असलेली आमची लेक म्हणाली, "बाबा, बसा आता, मान धरेल."

आत जायचं तिकीट स्वस्त नाही. रुपयांत गुणाकार करून पाहणाऱ्याला तर नाहीच. पण सत्र चालू असताना तिथं संध्याकाळची प्रार्थना होते आणि तिला तिकीट लागत नाही. दाराशी रांगेत उभं राहायचं, आत जाऊन बसायचं, गप्प राहायचं. सोळा मुलं आणि कॉलेजचे तरुण विद्यार्थी गातात. सोळा हा आकडा संस्थापक राजानं ठरवून दिलेला, तो अजून चालतो. दुपारी तिकीट काढून मी जी इमारत पाहिली आणि संध्याकाळी रांगेत उभा राहून जिच्यात बसलो, त्या दोन वेगळ्या इमारती होत्या. दुपारची पाहायची होती, संध्याकाळची चालू होती. पाचशे वर्षं ती टिकली त्यात दगडाचा वाटा आहेच. पण रोज संध्याकाळी तिच्यात कुणाचं तरी काम असतं, हा वाटा मला मोठा वाटतो. चालत्या वास्तूची कौलं वेळेवर शाकारली जातात. तिथं आता छपरावर सौर पट्ट्याही बसल्या आहेत.

नदीवर सपाट बुडाच्या नावा असतात, त्यांना पंट म्हणतात. मागच्या टोकावर उभा राहून एक मुलगा लांब काठीनं नाव रेटतो आणि तोंडानं इतिहास सांगतो. इतिहास सांगतो म्हणजे हवा तसा सांगतो. क्वीन्स कॉलेजपाशी लाकडी पूल आहे, सरळ लाकडांतून कमान साधलेला. हा पूल न्यूटननं एकही खिळा न वापरता बांधला, मग विद्यार्थ्यांनी तो उकलून पाहिला आणि परत जोडता आला नाही, अशी कथा त्यानं आम्हाला ठसक्यात ऐकवली. न्यूटन वारला १७२७ मध्ये. पूल बांधला १७४९ मध्ये, विल्यम एथरिजच्या आराखड्यावरून, जेम्स एसेक्सनं. सध्याचा आहे तो १९०५ चा, सागवानी. मी मुलाला काही बोललो नाही. त्याचं पोट त्या न्यूटनवर होतं.

ट्रिनिटी कॉलेजच्या दरवाजाबाहेर सफरचंदाचं लहानसं झाड आहे. ते न्यूटनच्या गावच्या झाडाच्या वंशातलं. त्याच वंशाची कलमं पुण्याला आयुकाच्या आवारातही लावली होती. काही वर्षं ती जगली, फळंही धरली. पण पुण्याचं ऊन त्यांना सोसलं नाही. दरवाजाच्या वर आठव्या हेन्रीचा पुतळा, आणि त्याच्या हातात राजदंडाच्या जागी खुर्चीचा पाय. कुणा विद्यार्थ्याची खोडी. ती उतरवायच्या फंदात कुणी पडलेलं नाही. याच कॉलेजच्या रेन ग्रंथालयात न्यूटनच्या स्वतःच्या खुणा असलेली 'प्रिन्सिपिया'ची प्रत आहे. आणि याच ग्रंथालयाच्या कागदांत १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या अमेरिकन गणितज्ञाला रामानुजनच्या शेवटच्या वर्षातली हस्तलिखित पानं सापडली. रामानुजन १९१४ ते १९१९ तिथं होता, हातानं भात-सांबार करून खात होता, १९१८ मध्ये ट्रिनिटीचा फेलो झाला. म्हणजे हिरवळीवरून चालण्याचा हक्क त्यालाही मिळाला. त्या दिवसांतल्या त्याच्या तब्येतीकडं पाहता तो किती चालला असेल कोण जाणे.

आता मी ज्या जागेपाशी जास्त वेळ उभा राहिलो तिथं येतो. तिथं आत जाता येत नव्हतं. किंग्ज परेड नावाच्या रस्त्यावर चॅपलच्या जवळच पांढऱ्या दगडाची, उंच खांबांची सिनेट हाउस ही इमारत आहे. १७३० सालची, जेम्स गिब्जची. पदव्या इथं देतात. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल इथल्या सज्जातून क्रमानं वाचून दाखवत. पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि पहिल्या आलेल्याला सीनियर रँग्लर. सगळ्यांत शेवटी ऑनर्स मिळवणाऱ्याला दोस्तमंडळी वरून दोरीनं भला मोठा लाकडी चमचा सोडत. १९०९ नंतर क्रम लावणं बंद झालं आणि चमचाही गेला.

या सज्जातून १८९० मध्ये एक निकाल वाचला गेला. मुलींची यादी वेगळी वाचत, कारण त्यांना परीक्षेला बसता येई, पदवी मिळत नसे. त्या यादीत फिलिपा फॉसेटचं नाव घेताना क्रमांक सांगितला गेला, 'सीनियर रँग्लरच्या वर'. म्हणजे ती पहिली, पण पहिली म्हणायची नाही. तिचे वडील हेन्री फॉसेट केंब्रिजचे अर्थशास्त्राचे अंध प्राध्यापक. पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल एवढे प्रश्न विचारत की त्यांना हिंदुस्थानचे सभासद म्हणत, आणि त्यांच्या निवडणुकीसाठी इथल्या लोकांनी वर्गणी काढली होती.

मग १८९७. मुलींना पदव्या द्याव्यात का, यावर मतदान. मे महिन्यात बाहेरगावचे जुने पदवीधर रेल्वे भरभरून मत द्यायला आले. सिनेट हाउससमोर, एका दुकानाच्या वर, सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा दोरीला टांगला होता. ठराव पडला. पडल्याबरोबर पोरांनी तो पुतळा खाली ओढून फाडला. त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डी गावचा एक विशीतला विद्यार्थी सेंट जॉन्स कॉलेजात शिकत होता, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. फर्ग्युसनमधून सरकारी शिष्यवृत्तीवर तो आदल्याच वर्षी आला होता. त्याच वर्षी, १८९६ मध्ये, त्याचे नातलग धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला होता. तो गोंधळ परांजप्यांनी पाहिला की खोलीत बसून गणितं सोडवली, यावर मी कल्पना लढवणार नाही. पण तारखा पाहा. परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, बर्टविसल नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर जोडीनं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. महाराष्ट्रात त्यांचं नावच रँग्लर परांजपे पडलं. ते परत आले, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. केंब्रिजनं बायकांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. मध्ये बत्तीस वर्षं. रँग्लरांची मुलगी शकुंतला न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकली तीसुद्धा या बत्तीस वर्षांतच.

ऑक्सफर्डची गोष्टही काही वेगळी नव्हती. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये तिथं कायद्याची परीक्षा दिली, पहिल्याच बाई. पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडलं. म्हणून मी म्हणतो, अशा गावात दगडाच्या वयापुढं मान तुकवताना एक डोळा उघडा ठेवावा. जुनेपणा हा गुण असेलच असं नाही. कधी ती नुसती हट्टाची मुदत असते.

आपल्या माणसांच्या खुणा शोधत फिरायचं ठरवलं तर केंब्रिजचा वेगळाच नकाशा तयार होतो. जीझस कॉलेज, तिथं चिंतामणराव देशमुख वनस्पतिशास्त्र शिकले. पुढं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले तरी हात मातीला आणि रोपांना सरावलेला. फिट्झविल्यम हाउस, तिथं विष्णुपंत नारळीकर आणि पुढं त्यांचे चिरंजीव जयंतराव, दोघेही रँग्लर. जयंतराव १९५७ मध्ये काशीहून गेले, फ्रेड हॉइलच्या हाताखाली संशोधन केलं, किंग्ज कॉलेजचे फेलो झाले आणि १९७२ मध्ये मुंबईला परत आले. त्यांच्या आत्मचरित्रात केंब्रिज हे चार नगरांतलं एक नगर आहे. एक योगायोग आपल्याला आवडेल. त्र्याण्णवावं साहित्य संमेलन जानेवारी २०२० मध्ये आपल्या धाराशिवात भरलं, आणि त्याच्या पुढच्याचे, नाशिकच्या संमेलनाचे, अध्यक्ष नारळीकर होते. एका संमेलनानं हुकले म्हणायचे.

आता कुणी म्हणेल, हे सगळे कोकणातले, पुण्यातले, काशीतले. आमच्या जिल्ह्याचं काय? या जिल्ह्यावर निजामाचं राज्य होतं. नळदुर्गाभोवतीचा मुलूख १८५३ ते १८६० एवढा काळ इंग्रजांकडं होता, तेव्हा मेडोज टेलर इथं कारभार पाहत होता. त्यानं पुढं तुळजापूर घालून कादंबरी लिहिली. त्याला स्वतःला विद्यापीठाचं तोंड दिसलेलं नाही. मग मुलूख परत निजामाकडं. सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, १८९५ मध्ये निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या आणि केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकल्या. निजामाचा खजिना शेतसाऱ्यावर चाले, आणि शेतसारा आपल्या आजे-पणज्यांनी भरला. तेव्हा गर्टनच्या फीत तुळजापूर-परंड्याचे दोन-चार आणे असणारच. त्या बदल्यात इथल्या पोराला मात्र बी. ए. करायचं तर हैदराबाद गाठावं लागे. मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ निघालं २३ ऑगस्ट १९५८ ला.

मी केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात शिरलो तेव्हा तेरची आठवण पहिल्यांदा आली, आणि तिथून पुढं ती काही हलेना. संग्रहालयाची गोष्ट साधी आहे. व्हायकाउंट फिट्झविल्यम या उमरावानं १८१६ मध्ये मरताना आपली चित्रं, पुस्तकं आणि इमारतीसाठी एक लाख पौंड विद्यापीठाला ठेवले. आज तिथं इजिप्तच्या शवपेट्या आहेत, ग्रीक कलश आहेत, मोठमोठी चित्रं आहेत, आणि प्रवेश फुकट आहे. एका माणसाच्या हौसेतून उभं राहिलेलं घर.

आपल्याकडं, धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तसंच घर आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होते. त्यांच्याजवळ ना उमरावकी ना लाख पौंड. पावसानं पांढरी धुपली की तेरच्या टेकड्यांवर मणी, नाणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. पोरं त्यांच्याशी खेळत, घरं बांधायला माती नेताना ते तुकडे भिंतीत जात. लामतुऱ्यांनी ते गोळा करायला घेतलं. आयुष्यभर गोळा केलं. वीस हजारांहून जास्त वस्तू झाल्या. तो संग्रह सरकारला दिला गेला आणि आज त्यांच्याच नावानं ते संग्रहालय चालतं. त्यात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्या जातकुळीतली मूर्ती इटलीत पाँपेई शहरात सापडली, आणि पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. म्हणजे केंब्रिजमध्ये पहिला विद्यार्थी पोचायच्या अकराशे वर्षं आधी तेरणेच्या काठावरची कारागिरी आणि रोमची बाजारपेठ एकमेकींना ओळखत होत्या.

'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत हे लिहिलेलंच आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर, तिथून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जाते. हे तगर कुठलं यावर विद्वानांनी बरंच भांडण केलं. भगवानलाल इंद्रजींना ते जुन्नर वाटलं, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना धारूर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीटनं तेरकडं बोट दाखवलं, मग हेन्री कझिन्स येऊन पाहून गेला, आणि १९५८ च्या सुमारास चापेकरांच्या उत्खननानं मातीनंच साक्ष दिली. एवढंच नाही. ठाण्याला आणि कोल्हापूरला राज्य करणारे शिलाहार राजे शतकानुशतकं स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत होते, तगर त्यांच्या ताब्यात नसतानाही. केंब्रिजला शिकलेला माणूस जन्मभर नावापुढं ते लावतो, त्यातलाच प्रकार. शहराचं नाव त्या काळी पदवीसारखं मिरवत.

तेरचं त्रिविक्रम मंदिर तुम्ही पाहिलं असेल. पाहिलं नसेल तर इथून केंब्रिजचं तिकीट काढण्याआधी पाहून या. मागची बाजू अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं विटांचं छप्पर. मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पंधराशे वर्षांच्या आसपास वय. कार्ले-भाजे डोंगरात कोरलेले म्हणून टिकले. जमिनीवर विटांनी बांधलेली चैत्यगृहं देशभर असंख्य होती, ती जवळपास सगळी गेली. तेरचं राहिलं आणि आंध्रात चेझर्ल्याचं राहिलं. का राहिलं? चेझर्ल्याला महादेव आला, तेरला त्रिविक्रम आला. पूजा चालू राहिली, दिवा लागत राहिला, गळती लागली की कुणीतरी वीट लावली. किंग्जच्या चॅपलमध्ये संध्याकाळी बसल्यावर मला जे जाणवलं ते इथं तेरच्या विटांत आधीच लिहिलेलं होतं. वापरात राहिलं ते उरलं. तिथल्याच उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट वापरातून सुटली, ती आता संग्रहालयात आहे. ती वाचली हेही लामतुऱ्यांसारख्या माणसांमुळं, नाहीतर चुलीत गेली असती.

आणि परीक्षा म्हणाल तर तेरची परीक्षा ट्रायपॉसहून जुनी. संतांच्या मेळ्यात कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं हे पाहायला मुक्ताबाईंनी तेरच्या गोरोबाकाका कुंभारांना सांगितलं, काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणलं, अशी कथा आहे. सगळे गप्प बसले, नामदेवराय कळवळले, आणि निकाल भर सभेत जाहीर झाला : कच्चं. तेही नापासाच्या अपमानावर न थांबता विसोबा खेचरांकडं शिकायला गेले. लाकडी चमचा मिळालेल्या केंब्रिजच्या किती पोरांनी एवढं केलं असेल?

आता मुद्द्याचं. केंब्रिजला प्रवासी म्हणून जायचं असेल तर परीक्षेचे दिवस टाळा, नाहीतर देवड्याच पाहून याल. चॅपल दुपारी पाहिलंत तर संध्याकाळी पुन्हा जा. पंटवाल्याचं ऐका, पण वहीत लिहू नका. कुंथलगिरीचे पेढे नेले तर तिथल्या मंडळींना द्या, आमच्या लेकीच्या शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी आणखी आहेत का म्हणून विचारलं होतं.

आणि तेरसाठी माझी एक सूचना आहे. तुळजापूरला लाखो माणसं येतात. त्यातली मूठभर जरी तेरकडं वळली तरी त्यांना दाखवणारं कुणी हवं. जिल्ह्यातल्या कॉलेजांनी इतिहासाच्या, मराठीच्या, भूगोलाच्या विद्यार्थ्यांना तेरचे वाटाडे म्हणून तयार करावं. दोन महिन्यांचं शिक्षण पुरे. पेरिप्लसचा तो उतारा, चैत्याची रचना, विटेचा आकार, लामतुऱ्यांचं आयुष्य, टेकडीवरून काहीही उचलू नये हा नियम. मोबदला पाहुण्यांकडून मिळावा, रोख. कमवा-शिका योजनेत बसतं का ते प्राचार्य मंडळींनी पाहावं. ती इथं बसलेलीच आहेत, म्हणून सांगतो. अट एकच. न्यूटनचा पूल तेरणेवर बांधायचा नाही. पाहुणा विचारणारच, की गोरोबाकाकांनी नामदेवांच्या डोक्यावर थापटणं मारलं ती नेमकी जागा कुठली. ती कथा आहे असं सांगावं, पूर्ण रंगवून सांगावी, आणि संग्रहालयाची वेळ संपायच्या आत त्याला तिकडं घेऊन जावं.